देवाचा कागद आणि मेथीचं पीठ

वर्षातून एकदा तरी एखाद्या शाळेतून फोन येतो. पर्यावरणाचा कसला तरी सप्ताह असतो आणि मुलांना 'कागदाच्या पुनर्वापराचे दैनंदिन जीवनातील फायदे' या विषयावर मी चार शब्द सांगावेत, अशी मुख्याध्यापकांची इच्छा असते. मी जाते. माझ्या मागे प्लॅस्टिकचा मोठा फ्लेक्स लावलेला असतो, त्यावर एक हिरवं झाड आणि मुख्याध्यापकांचा फोटो असतो. मी बोलते, मुलं जांभया देतात, शेवटी मला एक प्रमाणपत्र मिळतं. ते जाड, गुळगुळीत आणि वरून लॅमिनेशन केलेलं असतं. लॅमिनेशन केलेला कागद पाण्यात भिजत नाही. माझ्या धंद्यात ज्याचं काहीच करता येत नाही असा कागद तोच. त्यामुळे ती सगळी प्रमाणपत्रं माझ्या घरी सुरक्षित आहेत.

भाषण संपलं की एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, तुमच्यामुळे आतापर्यंत किती झाडं वाचली?" मला माहीत नाही. आमच्या गडचिरोलीत चारी बाजूंनी जंगल आहे आणि ते तोडणारे तोडण्याआधी मला विचारत नाहीत. मला माहीत आहे ते एवढंच, की आमच्याकडचा बांबू ट्रकमधून जातो, कुठेतरी त्याचा कागद होतो, तो वह्या होऊन परत येतो, अभ्यास न होता माझ्याकडे येतो, आणि मी त्याचा लगदा करून पुन्हा बांबूच्याच टोपलीवर बसवते. बांबूने एवढा प्रवास कशासाठी केला, हे त्यालाच ठाऊक.

चामोर्शीपासून जवळच आमचं गाव. नवऱ्याचं भंगाराचं दुकान आहे. लोखंड, पत्रा, बाटल्या त्याच्या, कागद माझा. लग्न होऊन आले तेव्हा कागदाकडे कोणी बघत नसे, पावसात भिजून कुजायचा. मी तो निवडायला बसले आणि बसलेच.

निवडणं हाच खरा धंदा. वर्तमानपत्र वेगळं, पुठ्ठा वेगळा, वह्या-पुस्तकं वेगळी. पाठकोरा कागद, म्हणजे एकाच बाजूने छापलेला, तो सर्वांत आधी बाजूला काढायचा. सरकारी कचेऱ्यांतून तो भरपूर येतो. कागद जपून वापरा असं सांगणारी पत्रकंही येतात, पुष्कळ प्रतींमध्ये, आणि तीही पाठकोरी असतात. मी ती शिवून त्यांच्या कच्च्या वह्या करते. गावातल्या मुलांची गणितं त्या पत्रकांच्या पाठीवर सुटली आहेत, म्हणजे पत्रकं अगदीच वाया गेली असं म्हणता येणार नाही. वर्तमानपत्रांच्या पिशव्या होतात, रोपं लावायला छोटे पेले होतात, जमिनीत रोपासकट पुरले की विरघळून जातात. भजीवाल्याला मात्र मी वर्तमानपत्र देत नाही, शाई पोटात जाते म्हणून. तो दुसरीकडून आणतो आणि मला सांगतो, "बाई, तुमच्यावाल्या कागदाले चव नाई."

आणि या सगळ्यातून उरतो त्या कागदाचा लगदा. हे काम नवं नाही, आमच्या सासवा-आजेसासवा करत. बांबूची टोपली किंवा सूप झिजलं, बारीक भोकं पडली, की कागद भिजवायचा, मेथीचं पीठ घालून उखळात कुटायचा आणि टोपलीला आतून-बाहेरून लिंपायचा. मेथीने तो चिकट होतो, आणि कडू असल्यामुळे कीड लागत नाही. उन्हात वाळला की टोपलीत तांदळाची कणीसुद्धा ठेवता येते. प्लॅस्टिकच्या टोपल्या आल्या आणि बायकांनी हे सोडलं. मी चार बायका जमवून पुन्हा सुरू केलं. आता शहरातले लोक येऊन त्याला 'कला' म्हणतात. आम्ही त्याला लिंपणं म्हणतो.

गिऱ्हाइकंही तऱ्हेतऱ्हेची. एकदा झाडीपट्टीतल्या नाटकात खलनायकाचं काम करणारा एक नट आला. आमच्याकडे हिवाळाभर गावोगाव नाटकं होतात आणि भिंतींवरची पोस्टरं शेवटी माझ्याकडे येतात; त्यांचे रंगीत तुकडे आम्ही लिंपणावर वरून चिकटवतो. त्याला बाहेर वाळत घातलेल्या एका सुपावर स्वतःचा डोळा दिसला. भुवई वर चढवलेली, अगदी ओळखू येत होती. मला वाटलं, हा आता भांडणार. त्याने सूप फिरवून फिरवून पाहिलं आणि विचारलं, "दुसरा डोया कुठी आहे?" दुसरा डोळा एका टोपलीवर होता. तो दोन्ही घेऊन गेला.

पण मला सांगायचं आहे ते देवाच्या कागदाबद्दल.

आमच्याकडे कागदाला पाय लागला तर माणूस वाकून नमस्कार करतो. कागद म्हणजे विद्या. तोच माणूस नंतर तो कागद गटारात टाकतो, तो भाग वेगळा. त्यातून कागदावर देव छापलेला असला तर पंचाईत मोठी. जुनी कॅलेंडरं, उदबत्तीचे पुडे, लग्नाच्या पत्रिका. रद्दी विकायला आलेली बाई माझ्यासमोर बसून पत्रिकेतला गणपती कातरून काढते, बाकीची पत्रिका मला देते, आणि मग तो कातरलेला गणपती हातात धरून म्हणते, "बाई, याले कुठी ठेवू?" घरी नेला तर घरी आधीच तसे पुष्कळ असतात. म्हणून मी खिळ्याला एक गोणी टांगली होती, देवांसाठी. ती भरली की नदीकडे जाणारा कोणीतरी भाविक ती घेऊन जायचा आणि पुलावरून वैनगंगेत सोडायचा. वारा असला की निम्मे देव परत पुलावर येत आणि ट्रकखाली सापडत. हे सर्वांना ठाऊक होतं. पण पुलावरून टाकलं की आपलं काम संपलं.

मला ते पटेना. चांगला कागद नदीत जात होता आणि नदी घाण होत होती. मी वेगळं टाकं केलं. स्वच्छ पाणी भरलं, देवाचा कागद त्यात भिजवला. आमच्यातली वच्छला, जिचं मुसळ चौघींत सर्वांत जोरकस चालतं आणि तोंडही, तिने आधी टाक्याला हळदीकुंकू वाहिलं. मी म्हटलं, "हळदीनं रंग चढेल लगद्याला." ती म्हणाली, "चढू द्या. पाप चढण्यापेक्षा बरं."

आमची कामाची जागा म्हणजे मारुतीच्या देवळामागची जुनी खोली. भिंती पक्क्या, समोर उन्हाचं अंगण, बाजूला विहीर. लगद्याच्या कामाला या तीन गोष्टी लागतात आणि गावात त्या एकत्र दुसरीकडे कुठेही नाहीत. खोली देवळाच्या कमिटीची. कमिटीचे अध्यक्ष नारायणभाऊ, धानाच्या गिरणीचे मालक, वयाने आणि आवाजानेही मोठे.

पावसाळा संपता संपता एक दिवस ते घंटा वाजवून मागच्या बाजूने आले आणि वच्छलाच्या उखळाशी थबकले.

"हे काय कुटून राह्यल्या तुमी?"

"लगदा, भाऊ," वच्छला म्हणाली.

"लगदा नाई तो. मारोती आहे तो!"

आम्ही सगळ्या उखळात वाकलो. होता खरा. गदा गेली होती, पण शेपटी शाबूत होती.

"मारोतीच्या देवळामागं मारोती कुटता? काऊन जी बाई, तुमाले कुटाले दुसरं काई भेटत नाई?"

"भाऊ, तुमच्याच गिरणीचं कॅलेंडर आहे ते," वच्छला म्हणाली. "मागच्या सालचं. घरोघरी वाटलं होतं तुमी."

हे तिने बोलायला नको होतं. नारायणभाऊ लाल झाले. मी मध्ये पडून समजावू लागले, की नदीत टाकलेला देवही भिजूनच विरघळतो, इथेही तेच होतं, फक्त कागद वाया जात नाही. ते म्हणाले, "नदी कुटत नाई बाई." एवढं म्हणून ते निघून गेले. संध्याकाळी निरोप आला: तुळशीच्या लग्नाला कमिटी बसेल, तोपर्यंत खोली खाली करा.

माझं काय, माझं दुकान होतं. पाठकोऱ्या वह्या मी ओसरीतही शिवल्या असत्या. प्रश्न चौघींचा होता. आमच्याकडे धानाची कापणी झाली की हाताला काम नसतं. मग मुकादम येतो, नावं लिहून घेतो, आणि बायका तेलंगणात मिरची तोडायला जातात. वच्छला माझ्याकडे येण्यापूर्वी दर वर्षी जात असे. ती सांगते, तिकडे बोटांची इतकी आग व्हायची, की पोराच्या तोंडावरून हात फिरवता यायचा नाही. निरोप ऐकला आणि ती दुसऱ्या दिवशी मुकादमाकडे नाव देऊन आली आणि मला म्हणाली, "खोली राह्यली तर नाव काढाले लावीन. नाई राह्यली तर मिरची हाये."

मी सगळं केलं. कमिटीतल्या एकेकाच्या घरी गेले. प्रत्येक जण म्हणाला, "आमचं काई नाई जी, नारायणभाऊ म्हणतीन तसं." सरपंचांकडे गेले. त्यांनी माझ्या कामाचं कौतुक केलं आणि पुढच्या कार्यक्रमात प्रमाणपत्र देण्याचं आश्वासन दिलं.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न तोंडावर आलं. आम्ही सामान बांधायला घेतलं होतं, आणि एका दुपारी नारायणभाऊ स्कूटरवर दोन गोण्या घेऊन आले. त्यांच्या गिरणीत गोण्या उचलायला माणसं असतात. या त्यांनी स्वतः उचलल्या, आत आणल्या आणि दार लोटून घेतलं.

"बाई, हे भिजवा."

"काय आहे, भाऊ?"

"कागद आहे. तुमच्याकडं काय राह्यते?"

मी गोणीचं तोंड सोडलं. लग्नपत्रिका होत्या. सायीच्या रंगाचा जाड कागद, सोनेरी अक्षरं, वर उठावाचा गणपती, आणि मेणाचा लेपही नाही. असा कागद आमच्या धंद्यात क्वचित दिसतो, माझं लक्ष आधी कागदाकडेच गेलं. मग मी वाचलं. वधूचे आईवडील म्हणून नारायणभाऊंचं आणि त्यांच्या बायकोचं नाव होतं. वधूचं नाव होतं 'काव्या'.

"भाऊ, तुमाले दुसरी पोरगी आहे?"

"कुंदाच आहे ते," ते खाली बघत म्हणाले.

कुंदाला सगळं गाव ओळखतं. ती आमच्या उपकेंद्रात नर्स आहे, निम्म्या गावाची पोरं तिच्या हातच्या सुया टोचून घेतलेली. तिचं लग्न ठरलं आहे हेही माहीत होतं, मुलगा नागपूरकडचा. पत्रिकांचं आम्ही बघतो, तुमच्याकडे चांगल्या छापत नाहीत, असं वराकडच्यांनी सांगितलं होतं. लग्नात सुनेचं नाव बदलण्याची रीत आहे, तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहितात. त्यांनी तांदळापर्यंत वाट पाहिली नाही. नवं नाव आपसात ठरवलं आणि थेट छापून टाकलं. गठ्ठा बसने आला. कुंदाने एक पत्रिका उचलली, वाचली, आणि वराच्या वडिलांना फोन लावून सांगितलं, "या नावाची पोरगी आमच्या घरी नाई. कुठी असन तिथून शोधून आणा आणि करून घ्या लगन."

त्या लोकांनी माफी मागायचं सोडून, नावात काय एवढं, असं विचारलं. तिथे विषय संपला. उरल्या पत्रिका.

"मंग जाळून टाकाच्या," मी म्हटलं.

"गणपती आहे वर."

"पुरून टाका."

"कुत्रे उकरतेत."

"नदीत?"

"अहो, पुलावरून टाकल्या तर सगळ्या गावाच्या म्हशी पत्रिका घेऊन घरी येतीन! अन् रद्दीत देल्ल्या तर आठवडी बाजारात लोकाइले चिवडा यातच भेटन. गाव विचारन, नारायणभाऊनं कोणाच्या पोरीचं लगन लावून राह्यलं होतं?" त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "बाई, याचा मागमूस नाई राह्यला पाहिजे. भिजवा अन् कुटा."

कोपऱ्यात सामान बांधत असलेली वच्छला म्हणाली, "कुटा कसं म्हणता, भाऊ? देव आहे ना वर. नदी कुटत नाई."

मला नारायणभाऊंची दया आली असं लिहिलं तर बरं दिसेल. पण मी खोलीचा विचार करत होते.

"भिजवते, भाऊ," मी म्हटलं. "पण याले कुटणं म्हणाचं का विसर्जन, हे आधी ठरवून द्या."

"विसर्जन म्हणा."

"मी म्हणून काय होते? तुमी म्हणा. कमिटीत, चार लोकांत."

त्यांनी गोणीचं तोंड पुन्हा बांधायला घेतलं. तेवढ्यात दार ढकलून कुंदा आत आली, ड्यूटीवरून थेट. तिने गोण्या पाहिल्या, बापाकडे पाहिलं.

"हे बरं केलं, बाबा. मी म्हणूनच राह्यली होती, बाईकडं द्या." मग मला विचारलं, "कात्री कुठी आहे?"

मी सांगितलं, कात्री नाही चालत. कात्रीने कापलेला कागद धागा सोडत नाही. हाताने फाडायचा, आडवातिडवा. तिने मांडी घातली आणि फाडायला सुरुवात केली. गणपती तेवढा अलगद काढायची, टाक्याशी नेऊन हात जोडून पाण्यात सोडायची, आणि परत येऊन बाकीची पत्रिका अशी फाडायची की वच्छलाही बघत राहिली.

"हळू फाड ना, माय," नारायणभाऊ म्हणाले.

"हळू फाडलं तर भिजत नाई म्हणतेत."

तसं मी म्हटलं नव्हतं. पण मी मध्ये पडले नाही. थोड्या वेळाने नारायणभाऊही "बरं, कमिटीत म्हणतो मी, विसर्जन," असं पुटपुटत खाली बसले आणि त्यांनीही एक पत्रिका हातात घेतली.

हे सगळं दिवाळी अंकात लिहू का, असं मी हे लिहायला बसण्याआधी कुंदाला विचारलं. ती म्हणाली, "लिहा. फक्त नाव बदलू नोका. एकदा बदललं तेवढं पुरे."

लगदा फार सुंदर झाला. लोण्यासारखा. एकच अडचण, सोनेरी अक्षरं विरघळेनात. ती शाई नसते, पातळ पत्रा असतो, पाण्याला दाद देत नाही. वच्छलाने जीव तोडून कुटलं, अक्षरांचे कण कण झाले, लगद्यात चमकू लागले. आम्ही त्या लगद्याने एक नवी कोरी टोपली लिंपली, कमिटीला दाखवायला. उन्हात वाळल्यावर ती अशी चकाकत होती, की मी पुन्हा नीट तपासायचं विसरले.

तुळशीच्या लग्नाला देवळाच्या ओट्यावर कमिटी बसली. खाली निम्मं गाव होतं. नारायणभाऊ उभे राहिले, घसा साफ केला. देवाच्या कागदाबद्दल गावातल्या काही लोकांचा गैरसमज झाला होता, असं त्यांनी सांगितलं. कोणाचा ते सांगितलं नाही. बाई करतात ते एक प्रकारे विसर्जनच आहे, असं ते म्हणाले. 'एक प्रकारे' आमच्या ठरावात नव्हतं, पण मी चालवून घेतलं. मग त्यांनी टोपली दोन्ही हातांनी उचलून लोकांना दाखवली. "हे पाहा. देव कुठी गेला नाई. उलट देवळाले टोपली भेटली."

टोपली हातोहात फिरू लागली. कमिटीतल्या सर्वांत म्हाताऱ्या सदस्याने ती डोळ्यांजवळ नेली, चष्मा वर केला, काठाखाली बोट ठेवलं.

"हे का लिवलं आहे जी इथी? का... काव्या." त्याने मान वर केली. "नारायणभाऊ, काव्या कोण?"

एक तुकडा वच्छलाच्या मुसळातून सुटला होता. सोन्याच्या अक्षरात, ठसठशीत.

नारायणभाऊंचं तोंड उघडं राहिलं. माझ्या शेजारी वच्छलाने डोळे मिटले. मला दिसलं की आता नारायणभाऊ रागावणार, आणि रागावले की खोली गेली.

बायकांच्या घोळक्यातून कुंदाचा आवाज आला. "पाहुणी होती जी, आजोबा. आमच्या घरी येनार होती."

"मंग?"

"आली नाई."

म्हाताऱ्याने मान हलवली, जणू पाहुण्यांचं हे असंच असतं. बायकांत कोणीतरी फिस्सकन हसलं. म्हातारा पुढचं विचारायला तोंड उघडतो तोच नारायणभाऊंनी टोपली त्याच्या हातातून काढून घेतली आणि मोठ्याने म्हणाले, "मंजूर!"

"काय मंजूर?"

"खोली. बाईकडंच राहू द्या. चला, चला, प्रसाद वाटा."

मांडण्याआधी मंजूर झालेला आमच्या कमिटीतला तो पहिला ठराव. दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छला मुकादमाला नाही म्हणून सांगून आली, आणि येताना दुकानातून मेथी घेऊन आली.